विजेचे माप शेतकऱ्याच्या हाती असावे

कृषिपंपाच्या विजेचा विचार आपल्याकडे बहुधा बिलाच्या अंगाने होतो. बिल किती आले, किती थकले, किती माफ झाले, एवढाच चावडीवरील चर्चेचा विषय असे. एप्रिल २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याची योजना लागू झाली आणि ती चर्चाही पुष्कळशी मावळली. त्यापूर्वीदेखील कित्येक जोडण्यांना मीटर नव्हता. आकारणी अश्वशक्तीवर होत असे. त्यामुळे आपल्या मोटारीत किती वीज गेली व त्यातील किती कामी आली, हे पाहण्याची सवय शेतकऱ्याला लागली नाही. प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे की, वीज मोफत झाल्याने तिचे माप घेण्याची गरज कमी झाली नसून वाढली आहे. बिल माफ होऊ शकते; परंतु जळालेली मोटार भरून आणण्याचा खर्च माफ होत नाही, डीपी जळाल्यामुळे ऐन भरात हुकलेले पाण्याचे पाळे माफ होत नाही, आणि विहिरीवर धक्का बसून गेलेला माणूस तर कोणत्याही योजनेतून परत मिळत नाही.

हे माप अवघड आहे असा समज आहे. वस्तुतः दोन आकडे मोजावयाचे व दोन आकडे गणिताने काढावयाचे, एवढाच हा मामला आहे. मोजावयाचे आकडे म्हणजे विजेचा दाब, जो व्होल्टमध्ये मोजतात, आणि विजेचा प्रवाह, जो अँपिअरमध्ये मोजतात. या दोहोंवरून तारेचा रोध ओममध्ये आणि खर्च होणारी शक्ती वॅटमध्ये निघते. दाबाला प्रवाहाने भागले की रोध. दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती. पहिला नियम जर्मनीतील गेओर्ग ओम या शाळाशिक्षकाने मांडला व १८२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्या काळच्या विद्युत्‌घटांचा दाब स्थिर राहत नसे. म्हणून त्याने दोन धातूंचा सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवून स्थिर दाब मिळविला आणि निरनिराळ्या लांबीच्या तारा जोडून प्रवाह मोजला. आपल्या गावच्या खांबावरील दाबही त्या घटांइतकाच चंचल आहे, म्हणून ही गोष्ट येथे सांगितली. हाच नियम आज शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. मुलगा त्यावरील दहा उदाहरणे सोडवून गुण मिळवितो, आणि त्याच घरच्या स्टार्टरवरील काटा कोणी पाहत नाही, ही स्थिती काही भूषणावह नाही.

पाण्याची उपमा शेतकऱ्यास सहज पटते. टाकी जितकी उंच तितका दाब अधिक, नळी जितकी बारीक व लांब तितका अडथळा अधिक, आणि या दोहोंवर नळीतून किती पाणी येणार हे ठरते. तारेचेही तसेच आहे. एक साधे उदाहरण घेऊ. पाणी तापविण्याच्या हीटरवर २३० व्होल्ट, १,००० वॅट असे लिहिलेले असते. १,००० ला २३० ने भागले असता प्रवाह सुमारे ४.३५ अँपिअर येतो, आणि २३० ला ४.३५ ने भागले असता रोध सुमारे ५३ ओम येतो. दाब १८० व्होल्टांवर उतरला तर प्रवाह १८० भागिले ५३, म्हणजे ३.४ अँपिअर, शक्ती १८० गुणिले ३.४, म्हणजे सुमारे ६१२ वॅट. पाणी उशिरा तापेल, पण हीटर बिघडणार नाही. दाब कमी, प्रवाह कमी, उष्णता कमी.

आता हाच न्याय मोटारीला लावण्याची चूक सर्रास होते आणि तिची किंमत दर हंगामात मोजावी लागते. 'दाब कमी आहे, म्हणजे मोटारीवर ताणही कमीच पडत असेल,' असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. मोटार म्हणजे हीटर नव्हे. तिच्या वाइंडिंगचा रोध मीटरने मोजला तर तो काही थोडेच ओम भरतो. परंतु फिरू लागलेली मोटार स्वतःच्या आत उलट दाब निर्माण करते, आणि म्हणूनच चालू मोटारीत प्रवाह मर्यादित राहतो. पाच अश्वशक्तीची त्रिफेज मोटार ४१५ व्होल्टांवर पूर्ण भाराने सुमारे साडेसात अँपिअर घेते. ४१५ ला ७.५ ने भागून येणारे ५५ हा काही तारेचा रोध नव्हे. तो हीटरच्या ५३ ओमशी जवळपास जुळतो, हा केवळ योगायोग समजावा.

मोटारीला पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचे असते. दाब उतरला म्हणून विहीर उथळ होत नाही. मोटारीचा वेग थोडासाच उतरतो, काम जवळजवळ तेवढेच राहते, आणि ते पुरे करण्यासाठी मोटार अधिक प्रवाह ओढते. ४१५ व्होल्टांवर साडेसात अँपिअर घेणारी मोटार ३३० व्होल्टांवर सुमारे ९.४ अँपिअर घेईल. वाइंडिंगमध्ये निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. साडेसाताचा वर्ग सुमारे ५६ आणि ९.४ चा वर्ग सुमारे ८८. म्हणजे प्रवाह चतुर्थांशाने वाढला, पण उष्णता दीडपटीहून अधिक झाली. मोटार 'अचानक जळाली' असे आपण म्हणतो. ती बहुधा अनेक दिवस अशी शिजत असते आणि एके रात्री तिच्या तारेवरील आवरण हार खाते. पंप अडकून मोटार फिरेनाशी झाली तर तो उलट दाबच नाहीसा होतो व प्रवाह पाच-सहा पटींवर जातो. तीन फेजांपैकी एक गेला असताही उरलेल्या दोन तारांवर भार चढतो. हे सर्व अँपिअरचा काटा सांगत असतो. स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले योग्य अँपिअरवर लावलेला असेल तर तो मोटार बंदही करतो. परंतु तो 'सारखा ट्रिप होतो' म्हणून वर चढवून ठेवण्याची किंवा काढूनच टाकण्याची प्रथा आहे. घरात चोर आल्यावर भुंकणाऱ्या कुत्र्याला बांधून ठेवण्यासारखेच हे आहे.

त्रिफेज मोटारीची शक्ती काढताना दाब व प्रवाह यांच्या गुणाकाराला आणखी १.७३ ने आणि शक्तिगुणकाने गुणावे लागते. मोटारीचा शक्तिगुणक पूर्ण भारावर साधारणतः ०.८२ धरावा. वरील मोटारीचे गणित ४१५ गुणिले ७.५ गुणिले १.७३ गुणिले ०.८२, म्हणजे सुमारे ४,४०० वॅट असे येते. एक अश्वशक्ती ७४६ वॅटची. पाच अश्वशक्ती ३,७३० वॅटची. अर्थात ओढलेल्या शक्तीपैकी जवळजवळ ७०० वॅट मोटारीतच उष्णतेच्या रूपाने जातात व उरलेले दांड्यावर मिळतात. ही मोटार आठ तास चालली तर सुमारे ३५ युनिट खर्च होतात. बिल येत नसले तरी हा आकडा दर शेतकऱ्याने एकदा काढून पाहावा.

दाब कमी असण्याचा दोष कोणाचा, हा प्रश्न गावोगाव वादाचा असतो आणि तो मोजल्यावाचून सुटत नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी या दाबाच्या पुरवठ्यात सहा टक्क्यांपर्यंत कमी-अधिक चालवून घेतले होते. ४१५ व्होल्टांच्या बाबतीत ते ३९० ते ४४० व्होल्ट होतात. समजा, खांबाजवळ ३९० व्होल्ट आहेत. तेथून विहिरीपर्यंत ३०० मीटर तांब्याची, अडीच चौरस मिलिमीटरची केबल टाकली आहे. अशा केबलचा रोध दर हजार मीटरला सुमारे आठ ओम असतो. ३०० मीटरला २.४ ओम. साडेसात अँपिअर गुणिले २.४, म्हणजे प्रत्येक तारेत १८ व्होल्ट खर्ची पडले. शक्तिगुणक धरून दोन फेजांमधील दाबाची घट सुमारे २५ व्होल्ट होते. म्हणजे खांबावर नियमात बसणारा दाब मोटारीपाशी ३६५ वर येतो. शिवाय तिन्ही तारांत मिळून सुमारे ४०५ वॅट नुसत्या केबल तापविण्यात जातात. अर्ध्या अश्वशक्तीहून अधिक. हीच केबल सहा चौरस मिलिमीटरची असती तर रोध एक ओम, प्रत्येक तारेतील घट साडेसात व्होल्ट आणि नुकसान सुमारे १७० वॅट. तांब्याऐवजी तितक्याच जाडीचे ॲल्युमिनियम असेल तर रोध दीडपटीहून अधिक होतो, हेही ध्यानात ठेवावे. दुकानात केबल घेताना मीटरमागे चार पैसे वाचविणारा शेतकरी पाइपलाइनच्या बाबतीत मात्र असे कधी करीत नाही. तीन इंची पंपाला दीड इंची पाइप जोडणारा माणूस गावात शोधून सापडणार नाही. तारेतील घट डोळ्यांना दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

सांध्यांविषयी थोडेसे. उघड्यावर पिळून चिकटपट्टी गुंडाळलेल्या सांध्याचा रोध अर्धा ओम झाला, तर साडेसात अँपिअरवर तेथे २८ वॅट उष्णता बोटभर जागेत निर्माण होते. सांधा काळा पडणे, वितळणे, ठिणगी उडणे हे त्याचेच पर्याय होत.

यावरून एक सोपी परीक्षा करता येते. विहिरीजवळच्या स्टार्टरमध्ये येणारा दाब मोटार बंद असताना वाचावा व मोटार चालू झाल्यावर पुन्हा वाचावा. बंद असताना ४१० आणि चालू असताना ३७० दिसत असेल, तर आपली केबल किंवा सांधे दोषी आहेत. बंद असतानाच ३६० दिसत असेल, तर दोष लाइनचा किंवा डीपीवरील भाराचा आहे, व त्याची तक्रार महावितरणकडे तारीख, वेळ आणि आकड्यांसह लेखी करावी. 'दाब नाही' या तक्रारीला उत्तर देणे कार्यालयास सोपे असते. 'सात दिवस सकाळी नऊ वाजता मोटार बंद असताना ३५५ ते ३६० व्होल्ट' या तक्रारीला सहज उत्तर देता येत नाही. कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना अर्ज लिहून देण्याऐवजी हा तक्ता भरावयास शिकवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

डीपीचा हिशेब हा सर्वांत नाजूक. कारण त्यात शेजाऱ्याचा संबंध येतो. शेतीला पुष्कळ ठिकाणी ६३ केव्हीएचे रोहित्र असते. त्याच्या दुय्यम बाजूचा दाब ४३३ व्होल्ट धरून त्याचा पूर्ण भाराचा प्रवाह ६३,००० भागिले १.७३ भागिले ४३३, म्हणजे सुमारे ८४ अँपिअर येतो. साडेसात अँपिअरच्या अकरा मोटारी त्यावर बसतात. आता मंजुरी पाचाची आणि विहिरीत उतरविलेली मोटार साडेसाताची, असे अकराही जणांनी केले तर प्रत्येकी सुमारे अकरा अँपिअर, एकूण १२१. डीपी जळते, मग वर्गणी निघते, ट्रॅक्टर निघतो, पिके माना टाकतात, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या मोटारीकडे बोट दाखवितो. पंप वाढवून घेण्यामागे लोभच असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. पाण्याची पातळी खाली गेली, खोली वाढली, आणि मोटार मोठी करण्यावाचून शेतकऱ्यापुढे मार्ग उरला नाही, हे पुष्कळ ठिकाणी खरे आहे. परंतु मग वाढीव भाराची मंजुरी मागणे व मोठ्या रोहित्राची मागणी करणे हाच मार्ग. लपविलेले अँपिअर रोहित्रापासून लपत नाहीत.

याहून घातक प्रकार 'ऑटो'चा. वीज आली की मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून ऑटो स्विच बसवितात. मोटार सुरू होण्याच्या क्षणी थेट स्टार्टरवर पाच-सहा पट प्रवाह घेते. साडेसाताच्या सहापट ४५ अँपिअर. अकरा मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या तर ४९५ अँपिअरचा तडाखा ८४ अँपिअरच्या रोहित्रावर बसतो. त्या वेळी दाब इतका कोसळतो की कित्येक मोटारी नीट वेगच घेत नाहीत आणि तो तडाखा लांबत जातो. ऑटो काढून टाकावेत असे आवाहन महावितरणने वेळोवेळी केले आहे. पण रात्रीच्या विजेसाठी अंधारात, साप-विंचवांतून विहिरीवर जावे लागणाऱ्या माणसाला 'ऑटो काढ' एवढेच सांगणे पुरेसे नाही. ज्यांना ऑटो ठेवणे भाग आहे त्यांनी त्यात विलंबाचा टायमर बसवावा आणि एका डीपीवरील शेतकऱ्यांनी आपापसांत वेळ वाटून घ्यावी: पहिल्याची मोटार एका मिनिटाने, दुसऱ्याची दोन मिनिटांनी, याप्रमाणे. पाण्याची पाळी वाटून घेणाऱ्या गावाला मिनिटांची पाळी वाटून घेणे अशक्य नाही.

कपॅसिटरचाही उपयोग येथेच समजतो. पाच अश्वशक्तीच्या मोटारीला दोन केव्हीएआरचा कपॅसिटर जोडला असता लाइनमधून येणारा प्रवाह साडेसातावरून सुमारे सव्वासहा अँपिअरवर येतो. मोटारीच्या वाइंडिंगमधील प्रवाह त्याने घटत नाही, म्हणून 'कपॅसिटर लावला तरी मोटार तापतेच' ही तक्रार गैरसमजाची आहे. त्याचा लाभ केबलला, लाइनला आणि डीपीला होतो. अकरा पंपांवर तेरा-चौदा अँपिअर वाचले, म्हणजे आणखी दोन पंपांची जागा मोकळी झाली. कपॅसिटर प्रत्येकाने लावावयाचा आणि लाभ सर्वांनी घ्यावयाचा असल्यामुळे तो कोणीच लावीत नाही. येथे कार्यकर्त्याने पुढाकार घेतला पाहिजे.

सौरपंप घेतलेल्यांनी हे आपल्याला लागू नाही असे समजू नये. पट्ट्यांकडून येणारी वीज एकाच दिशेची असल्याने तेथे दाब गुणिले प्रवाह हीच शक्ती, १.७३ नाही की शक्तिगुणक नाही. मात्र पट्ट्यांवर धूळ बसली तर दाब फारसा उतरत नाही, प्रवाह उतरतो. नुसता व्होल्टचा आकडा पाहून 'सर्व ठीक आहे' म्हणणारा फसतो.

'हे वायरमनचे काम, शेतकऱ्याचे नव्हे,' असा आक्षेप घेतला जाईल. खांबावर चढणे, डीपीला हात लावणे हे निश्चितच अधिकृत कर्मचाऱ्याचेच काम होय, आणि त्यात कोणीही ढवळाढवळ करू नये. परंतु स्टार्टरच्या पेटीवर बसविलेला व्होल्टमीटर व अँपिअरमीटर वाचणे याला कोणताही परवाना लागत नाही. आज पुष्कळ पेट्यांवर हे मीटर असतात, पण काटा तुटलेला किंवा काच धुळीने आंधळी. पंपासाठी मिळणाऱ्या अनुदानाच्या तपासणीत अश्वशक्ती व बनावट पाहतात. त्याबरोबर चालू मीटर व योग्य जाडीची केबल यांचीही अट असावी. प्रत्येक ग्रामपंचायतीत एक टाँग टेस्टर असावा. या चिमट्यासारख्या मीटरने तार न कापता, नुसती कवेत घेऊन प्रवाह मोजता येतो. तो जाणत्या माणसाच्या हाती द्यावा आणि रब्बीच्या आरंभी एका डीपीवरील सर्व पंपांचे अँपिअर एकाच दिवशी मोजून बेरीज सर्वांसमोर वाचून दाखवावी. वाढीव मोटार असलेल्याची पंचाईत होईल, हे खरे. ती व्हावी. मात्र ही मोजणी दंडासाठी नसून रोहित्राची खरी गरज ठरविण्यासाठी आहे, हे प्रथमच स्पष्ट केले नाही तर त्या दिवशी निम्म्या मोटारी बंद सापडतील.

आता शेवटचे, परंतु ज्यासाठी हा लेख मुख्यत्वे लिहावासा वाटला ते. अर्थिंग. मोटारीच्या किंवा स्टार्टरच्या लोखंडी अंगाला आतील तार टेकली, तर २३० व्होल्टांचा दाब त्या अंगावर येतो. अर्थिंग असेल तर प्रवाह जमिनीत जातो, फ्यूज उडतो, माणूस वाचतो, अशी आपली समजूत असते. ओमचा नियम लावून पाहू. अर्थिंगचा रोध २० ओम असेल तर प्रवाह २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. आणि या मार्गात डीपीच्या अर्थिंगचाही रोध असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी. वीस अँपिअरचा फ्यूज इतक्यावर उडत नाही, मग फ्यूजच्या जागी जाड तार घातलेली असेल तर बोलावयासच नको. अर्थिंग असूनही पेटी जिवंत राहते. ओल्या हातांनी व अनवाणी पायांनी ती पेटी उघडणाऱ्याच्या शरीराचा रोध सुमारे हजार ओम धरला, तर त्याच्या अंगातून ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर जाऊ शकतात. माणसाच्या रक्षणासाठी असलेला गळतीरक्षक स्विच ३० मिलिअँपिअरवर वीज तोडतो, यावरून २३० चा अर्थ समजावा.

उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंगचा रोध वाढतो, आणि खडकाळ माळावर तर तो मुळातच अधिक असतो. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा व मीठ भरून तो ओला ठेवावा, जोडणीचा बोल्ट गंजला नाही ना ते पाहावे, आणि वायरमनकडून वर्षातून एकदा, तेही मे महिन्यात, अर्थिंगचा रोध मोजून घ्यावा. पावसाळ्यात घेतलेले माप फसवे असते. नुसत्या अर्थिंगवर भिस्त न ठेवता पेटीत गळतीरक्षक स्विच बसवावा आणि त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो तुटतो की नाही हे पाहावे. बटण दाबूनही तो तुटला नाही, तर बदलून होईपर्यंत त्या पेटीला हात लावू नये.